एएसडीची छत्री: कंपनी नंतर विचारा, आधी कडा मोजून घ्या

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मतः राहिलेलं भोक, म्हणजे एएसडी, छाती न उघडता बंद करणारी ‘छत्री’ आता मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांतही बसवून मिळते. पालक आणि मोठ्या वयाचे रुग्ण सर्वांत आधी विचारतात ते एवढंच: कुठल्या कंपनीची चांगली? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. भोक कोणत्या जातीचं आहे हा पहिला आणि त्याच्या भोवती पकड घ्यायला कडा किती उरल्या आहेत हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली असतील तर बाजारातल्या सगळ्या नावाजलेल्या छत्र्या चांगलं काम करतात. ती चुकली असतील तर सर्वांत महागडी छत्रीसुद्धा निसटते. म्हणून हे परीक्षण कंपन्यांच्या तुलनेपासून सुरू न करता छत्रीच्या घडणीपासून सुरू केलं आहे.

घडण आणि मापाचं गणित

पायाच्या शिरेतून उपकरण नेऊन एएसडी बंद करण्याचं पहिलं यश किंग आणि मिल्स यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलं. पण त्या वेळची नळी इतकी जाड होती की लहान मुलांत ती वापरण्याचा प्रश्नच नव्हता. चित्र पालटलं ते कुर्त अँप्लाट्झ यांच्या जाळीदार उपकरणाने. ते माणसात पहिल्यांदा १९९५ साली बसवलं गेलं आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, त्याला परवानगी दिली. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक छत्र्या त्याच घराण्यातल्या आहेत.

आकार डमरूसारखा असतो: दोन बाजूंना दोन चकत्या आणि मध्ये आखूड कंबर. जाळी नायटिनॉलच्या बारीक तारांची विणलेली असते. हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू ताणून नळीत भरला तरी बाहेर पडताच मूळ आकारात येतो. जाळीच्या आत पॉलिस्टरचं कापड शिवलेलं असतं. खरा अडसर या कापडाचा. त्यावर रक्त गोठतं, मग काही महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर वाढून सगळं झाकून टाकतं. बसवल्याबरोबर इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कापडातून थोडं रक्त झिरपताना दिसतं, त्याने घाबरू नये. चकतीच्या कडेबाहेरून धार दिसत असेल तर मात्र ती वेगळी बाब आहे.

छत्रीचा नंबर म्हणजे तिच्या कमरेचं माप. २० नंबरची छत्री म्हणजे कंबर २० मिलिमीटर, पण डावी चकती ३४ आणि उजवी ३०. मूळ अँप्लाट्झरमध्ये डावी चकती कमरेपेक्षा १२ ते १६ मिलिमीटरने मोठी असते, छोट्या नंबरात कमी आणि मोठ्या नंबरात जास्त. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. १८ मिलिमीटरच्या भोकासाठी २० नंबर निवडला तर पडद्याची एकूण लांबी निदान ३४ मिलिमीटरपेक्षा जास्त हवी. नाहीतर डावी चकती मायट्रल झडपेला (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) नाहीतर फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरेच्या तोंडाला भिडते. सहा फूट उंचीच्या माणसात हा हिशेब सहज जमतो. बारा किलोच्या मुलीत जमेलच असं नाही. छत्रीचा नंबर वजनाच्या किलोंच्या दीडपटीच्या पुढे जाऊ लागला तर अनुभवी हात सहसा थांबतात. मूल ठीक असेल तर वर्ष-दोन वर्षं वाढू देतात. वजनाबरोबर पडदाही वाढतो.

कोणत्या भोकाला छत्री चालते

फक्त सेकंडम जातीच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागातल्या भोकाला. एएसडीच्या रुग्णांत तीनचतुर्थांशाहून अधिक जण याच जातीचे असतात, आणि त्यांत मुली मुलांच्या जवळपास दुप्पट. प्रायमम जातीचं भोक खालच्या झडपांना चिकटून असतं आणि त्याबरोबर मायट्रल झडपेत चीर असते, तिथे शस्त्रक्रियाच लागते. सायनस व्हेनोसस वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असतं आणि त्यात उजव्या फुप्फुसाची शीर चुकीच्या जागी उघडलेली असते. त्याच्याकडे नंतर वळू, कारण गेल्या दहा वर्षांतली सर्वांत रंजक घडामोड तिथे आहे. कोरोनरी सायनसचं भोक विरळा.

सेकंडम असलं म्हणून लगेच बंद केलंच पाहिजे असंही नाही. पाच मिलिमीटरच्या आतलं भोक पहिल्या काही वर्षांत बहुधा आपलं आपण मिटतं. आठ-दहाच्या पुढचं क्वचितच. बंद करण्याचं कारण असतं उजव्या बाजूवरचा भार: इकोत उजवा कप्पा फुगलेला दिसणं, फुप्फुसाकडे जाणारं रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दीडपट किंवा जास्त असणं. लक्षणांची वाट पाहू नये. एएसडीचं मूल खेळतं, शाळेत जातं, फार तर सर्दी-खोकला वारंवार होतो. भोक पकडलं जातं ते स्टेथोस्कोपने (दुसरा ठोका फुटलेला ऐकू येतो आणि श्वासाबरोबर त्यातलं अंतर बदलत नाही) किंवा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या ईसीजीमुळे. साधारण वेळ तीन ते पाच वर्षांच्या दरम्यानची, वजन पंधरा किलोच्या आसपास झाल्यावर. फुप्फुसाचा जुना आजार असलेली किंवा वाढ खुंटलेली तान्ही बाळं अपवाद, त्यांचा निर्णय वेगळ्या तराजूत होतो.

इकोच्या रिपोर्टमध्ये काय असलंच पाहिजे

‘१६ मिमी ओएस-एएसडी, डिव्हाइस क्लोजरसाठी योग्य’ (ओएस म्हणजे सेकंडम) एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट अपुरा आहे, मग तो कितीही मोठ्या नावाखाली छापलेला असो. भोकाचं सर्वांत मोठं माप किमान दोन दिशांतून, पडद्याची एकूण लांबी, भोक एकच की शेजारी छोटी आणखी आहेत, फुप्फुसाच्या चारही शिरा डाव्या कप्प्यातच उघडतात का, उजव्या बाजूचा फुगवटा, फुप्फुसातल्या दाबाचा अंदाज हे सगळं हवं. आणि पाच कडा नावानिशी, मिलिमीटरमध्ये: महाधमनीकडची, झडपेकडची, वरच्या महाशिरेकडची, खालच्या महाशिरेकडची आणि मागची. पाच मिलिमीटरपेक्षा कमी कड म्हणजे अपुरी.

पाचही कडांचं मोल सारखं नाही. महाधमनीकडची कड सर्वांत जास्त वेळा अपुरी असते आणि तरीही छत्री बसते. चकत्या महाधमनीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन टिकतात, त्याची किंमत काय हे पुढे येईल. खालच्या महाशिरेकडची कड नसेल तर मात्र हट्ट करू नये. तिथे छत्रीला टेकायला काहीच नसतं आणि बसवलीच तर ती निसटण्याची किंवा महाशिरेच्या तोंडाशी लोंबकळण्याची शक्यता मोठी. दुर्दैवाने बघायला सर्वांत अवघड कड हीच. लहान मुलात बरगड्यांखालून, पोटाकडून घेतलेल्या दृश्यात ती चांगली दिसते. मोठ्यांत छातीवरून केलेला इको पुरत नाही. अन्ननलिकेतून केलेला इको लागतो आणि त्यातही नेहमीच्या दृश्यावर न थांबता प्रोब आणखी खाली सरकवून बघावं लागतं. ‘खालची कड नीट दिसली नाही’ असं रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिणारा तज्ज्ञ सगळं ‘पुरेसं’ म्हणणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

कॅथलॅबमध्ये काय होतं आणि कुठे बिघडतं

उजव्या जांघेतल्या शिरेतून नळी जाते. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, किलोमागे १०० युनिट. भोकातून कॅथेटर पार करून डाव्या बाजूच्या वरच्या फुप्फुसशिरेत ताठ वायर ठेवली जाते. भोक मोजायला फुगा वापरायचा असेल तर रंगीत इकोवर गळती थांबते त्या क्षणी फुगवणं थांबवायचं. पूर्वी फुग्याला कंबर पडेपर्यंत ताणून मोजत. त्याने भोकाचं माप फुगून येई आणि गरजेपेक्षा मोठी छत्री बसे. आताच्या पद्धतीत गळती थांबण्याच्या मापाइतकी किंवा एक-दोन मिलिमीटरने मोठी छत्री घेतात. बरेच जण फुगा अजिबात न वापरता इकोच्या मापावरच निर्णय करतात. कडा घट्ट असतील तर ते चालतं, फडफडत्या पातळ कडा असतील तर माप फसवतं.

छत्री सलाइनमध्ये बुडवून, हवेचे बुडबुडे काढून भरायची असते. भरायच्या नळ्या ६ ते १२ फ्रेंचच्या, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. इथे घाई नडते. आतला डायलेटर (नळीची वाट रुंद करणारी दांडी) झटक्यात ओढला की नळीत हवा शोषली जाते, ती डाव्या कप्प्यात सुटते आणि वर तोंड करून असलेल्या उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीत, शिरते. मॉनिटरवर ईसीजीच्या दुसऱ्या, तिसऱ्या लीडमध्ये आलेखाचा एसटी भाग वर चढलेला दिसतो, नाडी मंदावते. बहुधा काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं, पण ती मिनिटं कुणालाच नको असतात. नळीचं बाहेरचं तोंड हृदयाच्या पातळीखाली ठेवून, रक्त आपसूक परत वाहू देऊन मगच छत्रीची नळी जोडणं हा साधा इलाज आहे.

डावी चकती आधी उघडतात, पडद्यापर्यंत मागे ओढतात, मग कंबर आणि उजवी चकती. भोक मोठं आणि महाधमनीकडची कड नसलेली असेल तर डावी चकती पडद्याला समांतर येण्याऐवजी काटकोनात येते आणि तिची पुढची कड भोकातून उजवीकडे घसरते. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. यावर तोडगे आहेत: चकती उजव्या वरच्या फुप्फुसशिरेच्या तोंडाशी उघडणं, किंवा दुसऱ्या जांघेतून नेलेला फुगा भोकात फुगवून त्याचा चकतीला टेकू देणं आणि उजवी चकती उघडल्यावर तो हळूहळू रिकामा करणं. फुग्याच्या टेकूची ही युक्ती मुंबईच्या डॉ. भरत दळवी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरली जाते. मोठ्या भोकासाठी जाणार असाल तर त्या हाताला ही युक्ती अवगत आहे का, हे छत्रीच्या ब्रँडपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

कधीकधी चकती गोल न उघडता नागाच्या फण्यासारखी वाकडी होते. जाळीला पीळ पडलेला असतो किंवा ती अरुंद जागेत उघडलेली असते. तशी ती कधीच सोडू नये. परत नळीत ओढावी, बाहेर काढून आकार तपासावा.

सोडण्याआधी केबलने पुढे-मागे ढकलून पकड तपासतात. इकोत प्रत्येक कड दोन चकत्यांच्या मध्ये आहे का, मायट्रल झडप अडत नाही ना, शिरांची तोंडं मोकळी आहेत ना हे पाहतात, आणि मग केबल उलटी फिरवून स्क्रू सोडतात. या क्षणापर्यंत सगळं परत घेता येतं. छत्रीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, आणि एकदा उघडलेली महागडी वस्तू वाया जाईल या भीतीने तो न वापरणं हा सर्वांत मोठा अपव्यय.

छत्री निसटण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी, आणि निसटते ती बहुधा पहिल्या चोवीस तासांत. कारणं ठरलेली: छोटा नंबर, अपुरी कड, किंवा चकतीत न आलेली कड ‘आली’ असं समजणं. निसटलेली छत्री फासाने तिच्या स्क्रूला पकडून काढता येते, पण त्यासाठी बसवताना वापरलेल्या नळीपेक्षा किमान दोन फ्रेंच जाड नळी हाताशी लागते. डाव्या खालच्या कप्प्यात झडपेच्या दोऱ्यांत अडकली असेल तर ओढाताण न करता सर्जनला बोलवावं. म्हणूनच विचारा: इथे बालहृदय शस्त्रक्रियेची सोय त्याच इमारतीत आहे का?

छत्र्या, एकेक करून

अँप्लाट्झर सेप्टल ऑक्लुडर ही सर्वांत जुनी, सर्वांत जास्त अभ्यासलेली, ४ ते ४० मिलिमीटरपर्यंत सर्व मापांत मिळणारी. परत ओढायला सोपी, हातात भरवशाची. दोष असा की केबल घट्ट स्क्रूने जोडलेली असल्याने सोडेपर्यंत छत्री ताणाखाली तिरकी दिसते आणि सोडल्यावर हलकी उडी मारून जागेवर बसते. नवख्याला त्या उडीचा अंदाज येत नाही.

ऑक्लुटेकच्या फिगुला फ्लेक्समध्ये डाव्या चकतीवरचा धातूचं बारीक टोपण नाही आणि उजवीकडे स्क्रूऐवजी गोळी आहे. ती चिमट्याने पकडलेली असते आणि मोठ्या कोनात झुकते. सोडण्याआधीच छत्री पडद्याच्या कलाप्रमाणे बसलेली दिसते. कड अपुरी असलेल्या मोठ्या भोकात हा फायदा खरा आहे. जाळीही मऊ. अर्थात मऊ म्हणजे भोकातून घसरायलाही तयार.

लाइफटेकची सेरा आणि सेराफ्लेक्स: तारांवर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा, निकेल कमी सुटावं म्हणून. सेराफ्लेक्सची केबल-जोडणी लवचीक आहे. कोकूनमध्ये त्याच हेतूने प्लॅटिनमचा मुलामा. दोन्ही भारतात भरपूर वापरल्या जातात आणि अँप्लाट्झरशी तुलना करता रोजच्या कामात उण्या पडत नाहीत. निकेलचा मुद्दा मात्र विक्रेते जरा जास्तच ताणतात. साध्या छत्रीनंतर रक्तातलं निकेल महिनाभर किंचित वाढतं आणि मग खाली येतं. कृत्रिम दागिन्याने कानाला पुरळ येते एवढ्यावरून कुणाला छत्री नाकारायची गरज नसते. निकेलची तीव्र, सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तर आधी सांगावं आणि शस्त्रक्रियेचाही विचार करावा.

गोअर कार्डिओफॉर्म एएसडी ऑक्लुडर वेगळ्या जातीची. जाळी नाही, तारेच्या पाकळ्यांवर ईपीटीएफई या प्लास्टिकचं पातळ कापड ताणलेलं. कंबर भोकाच्या आकाराशी जुळवून घेते, त्यामुळे पाच मापांत ८ ते ३५ मिलिमीटरची भोकं सामावतात. एफडीएची परवानगी २०१९ ची. कापड मऊ असल्याने महाधमनीच्या भिंतीवर धातूची जाळी घासत नाही. याच कारणाने कड नसलेल्या रुग्णांत तिच्याकडे कल वाढतो आहे. तिच्या मूळ चाचणीत सहा महिन्यांनंतर जवळपास दर तिघांपैकी एका रुग्णात तारेला तडा दिसला होता. त्याचा त्रास कुणाला झाल्याचं आढळलं नाही, पण दुसऱ्या एखाद्या उपकरणाबद्दल हाच आकडा ऐकला असता तर आपण भुवया उंचावल्या असत्या, हे नोंदवून ठेवलेलं बरं. बसवण्याच्या पायऱ्याही इतर छत्र्यांपेक्षा निराळ्या, वेगळं शिकावं लागतं.

एका वाक्यात निवड सांगायची तर मधल्या आकाराचं, चांगल्या कडांचं भोक असेल तर तुमचे डॉक्टर रोज जी वापरतात ती घ्या. कड नसेल तर मात्र निवडीला अर्थ येतो.

भिंत झिजणं: हजारात एक ते तीन, पण माहीत हवंच

महाधमनीकडची कड नसताना चकतीची धार कप्प्याच्या छताला आणि महाधमनीच्या मुळाला टेकते. प्रत्येक ठोक्याला थोडं घासतं. जाळीदार छत्र्यांमध्ये हजारात एक ते तीन रुग्णांत ही भिंत झिजून आरपार जाते आणि हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचतं, किंवा महाधमनी आणि कप्पा यांच्यात वाट पडते. बहुतेक घटना पहिल्या काही दिवसांत ते पहिल्या वर्षात घडतात, मात्र काही वर्षांनंतरच्या नोंदीही आहेत. धोका वाढवणाऱ्या गोष्टी दोन: वरची-पुढची, म्हणजे महाधमनीकडची, कड नसणं आणि गरजेपेक्षा मोठी छत्री. दुसरी आपल्या हातात आहे. ‘निसटायला नको म्हणून एक नंबर वर’ ही जुनी सवय इथे महागात पडते.

म्हणून घरी नेताना एक सूचना ठसवून घ्या: छातीत दुखणं, भोवळ, अचानक धाप, चेहरा पांढरा पडणं यांपैकी काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून रात्र काढायची नाही. त्याच दिवशी इको, आणि तिथल्या डॉक्टरांना हृदयात एएसडी डिव्हाइस आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आवरणात पाणी दिसलं तर छत्री बसवलेल्या केंद्राशी लगेच बोलणं हवं.

मोठ्या वयात छत्री

चाळिशी-पन्नाशीत एएसडी सापडणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. अनेक बायकांना दोन-तीन बाळंतपणं झाल्यावर कळतं. त्यांच्यात दोन सापळे असतात.

पहिला फुप्फुसातल्या दाबाचा. कॅथेटर घालून मोजलेला फुप्फुसी रोध (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा प्रवाहाला होणारा अडथळा, वूड युनिटमध्ये मोजतात) ३ वूड युनिटच्या खाली असेल तर निर्धास्त बंद करता येतं. ३ ते ५ मध्ये विचारपूर्वक. ५ च्या वर असेल तर युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे आधी औषधं, आणि रोध ५ च्या खाली आला तरच, तोही मध्ये छिद्र ठेवलेल्या छत्रीने. रक्त उलट वाहून रुग्ण निळा पडू लागला असेल तर भोक बंद करणं जिवावर बेततं. तिथे ते भोकच सुटकेची वाट असते. फक्त इकोवरच्या दाबाच्या अंदाजावर असा निर्णय घेऊ नये.

दुसरा सापळा साठीनंतरचा, आणि तो जास्त विसरला जातो. बीपी-मधुमेहाने डावा खालचा कप्पा ताठ झालेला असतो आणि इतकी वर्षं भोकातून उजवीकडे सांडणाऱ्या रक्तामुळे त्याला आराम मिळत असतो. भोक बंद केलं की डाव्या बाजूचा दाब चढतो आणि त्याच रात्री फुप्फुसात पाणी होतं. म्हणून आधी फुग्याने भोक पंधराएक मिनिटं तात्पुरतं बंद करून डाव्या वरच्या कप्प्याचा दाब पाहावा. तो चढला तर काही दिवस लघवीची औषधं देऊन मग पुन्हा, किंवा छिद्र ठेवलेली छत्री. हृदयाची अनियमित धडधड आधीपासून असेल तर तिच्यावरचा इलाज छत्रीच्या आधी उरकावा. नंतर पडदा ओलांडून डावीकडे जायला छत्री आडवी येते.

नवीन काय, आणि त्यातलं खरं किती

सायनस व्हेनोससवर गेल्या दशकात शस्त्रक्रियेशिवायचा मार्ग उघडला. वरच्या महाशिरेत कापड चढवलेला लांब स्टेंट असा बसवतात की तोच नवा पडदा बनतो. महाशिरेचं रक्त स्टेंटच्या आतून उजव्या कप्प्यात आणि चुकलेल्या फुप्फुसशिरेचं रक्त स्टेंटच्या मागून, भोकातून डाव्या कप्प्यात. या कामात चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनने जगात आघाडीवरचा अनुभव प्रसिद्ध केला आहे. आधी सीटी स्कॅन, अनेकदा त्रिमितीय छापील नमुना, मग महाशिरेत फुगा फुगवून फुप्फुसशीर तुंबत नाही ना याची चाचणी. ही चाचणी वगळून केलेलं काम आम्ही मान्य करणार नाही. स्टेंट घसरणं आणि फुप्फुसशीर दबणं हे दोन खरे धोके. योग्य रचनेच्या प्रौढात, सराव असलेल्या केंद्रात, ही नावीन्यापलीकडे गेलेली गोष्ट आहे. वाढत्या मुलात नाही. महाशीर वाढते, स्टेंट तितका वाढत नाही.

विरघळणाऱ्या छत्र्यांची कल्पना मोहक: अस्तर चढलं की उपकरण नाहीसं व्हावं. कोलेजनची बायोस्टार बाजारात आली होती, पण ती बनवणारी कंपनीच २०११ मध्ये बंद पडली. चीनमध्ये २०२२ साली खालच्या कप्प्यांमधल्या भोकासाठी पूर्ण विरघळणाऱ्या उपकरणाला परवानगी मिळाली आणि एएसडीसाठीही तसली उपकरणं वापरात येत आहेत. त्यांचं पॉलिमर (विरघळणारं प्लास्टिक) एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे सगळं काम इकोच्या डोळ्यांवर. शिवाय ते धातूइतक्या जोराने मूळ आकारात परत येत नाही. दहा वर्षांनंतरची चित्रं हाती येईपर्यंत धातूच्या छत्रीवरचा भरवसा सोडण्याचं कारण नाही.

एक्स-रे न वापरता फक्त इकोवर छत्री बसवणं चांगल्या हातात शक्य आहे आणि मुलांना किरणं वाचतात ते चांगलंच. फक्त त्यापायी इकोच्या दृश्यांशी तडजोड नको.

आणि शस्त्रक्रिया? सेकंडम एएसडीची शस्त्रक्रिया बालहृदय शल्यक्रियेतल्या सर्वांत सुरक्षित कामांपैकी एक आहे. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. छत्रीचा फायदा टाके, रक्त आणि मुक्काम वाचण्याचा. खालची कड नसलेल्या मुलीला उजव्या काखेखालच्या लहान छेदातून टाके घालून मिळणारा निकाल ओढूनताणून बसवलेल्या छत्रीपेक्षा उजवा असतो.

घरी आल्यावर

ॲस्पिरिन सहा महिने, मुलांत किलोमागे रोज ३ ते ५ मिलिग्रॅम. कांजिण्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिनचा निर्णय घ्यावा. मोठ्यांना बरोबरीने क्लोपिडोग्रेल हे गुठळ्या रोखणारं दुसरं औषध काही महिने. क्लोपिडोग्रेल जोडल्याने छत्रीनंतर नव्याने सुरू होणाऱ्या अर्धशिशीचे दिवस कमी होतात, हे २०१५ च्या एका चाचणीत दिसलं आहे. पहिल्या आठवड्यांत डोकेदुखी सुरू झाली तर ती मनाची नाही, सांगावी. सहा महिने दाताच्या कामाआधी प्रतिजैविकाचा डोस. दोन-चार आठवडे धावपळ बेताची, कबड्डी-कुस्तीसारखे धक्काबुक्कीचे खेळ काही महिने बंद. गर्भधारणा सहा महिने पुढे ढकलावी. एमआरआय करता येतो, फक्त उपकरणाचं नाव तंत्रज्ञाला दाखवायचं.

इको दुसऱ्या दिवशी, मग एक महिना, सहा महिने, वर्ष. त्यानंतर मूल ठणठणीत असलं तरी दर एक-दोन वर्षांनी. पाचवी-सहावीत गेलेल्या मुलांचे पालक इथेच ढिले पडतात.

छत्रीच्या खोक्यावर कंपनी, नंबर आणि बॅच लिहिलेलं चिकटपत्र असतं. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या, नुसती ‘डिव्हाइस बसवले’ अशी नोंद स्वीकारू नका, आणि त्याचा फोटो दोघांच्या फोनवर ठेवा. खर्चासाठी महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधी मंजुरीची चौकशी करावी. छत्री कोणत्या मापापर्यंत आणि कोणत्या बनावटीची धरली आहे हे तिथेच विचारावं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारं राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला पुढे पाठवू शकतं, त्यांचं संदर्भपत्र जपून ठेवावं. खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावरचे उपचार विनामूल्य होतात. तिथे जाताना इकोच्या कागदाबरोबर त्याची सीडी किंवा पेन ड्राइव्हही न्यावा, कारण कडा कागदावर नव्हे, चित्रात दिसतात.